नैवेद्याचा पडदा

बेलापूरच्या शिक्षक कॉलनीत शेवटून दुसरं घर अंबिकाकाकूंचं. मागच्या वर्षी त्या घरात तीन कॅमेरे, एक बोलणारा डबा, एक मनगटी घड्याळ आणि एक माणूस अशी सहा जणं राहत होती. माणूस म्हणजे काकू. बाकीच्या पाचांना काम एकच, काकूंकडं बघत राहणं. एवढी सरबराई आमच्या देवळातल्या देवालाही नाही. त्याच्याकडं बघायला सकाळ-संध्याकाळ चार माणसं येतात, आणि त्यातलीही दोन चपलांकडंच बघत असतात.

मी त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहते, म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळ्यांनी. माझ्याकडं दुसरं साधन नाही.

काकूंचे यजमान नृसिंहराव शाळेत संस्कृत शिकवायचे आणि गावातल्या नरसिंहाच्या लहानशा देवळात पूजा करायचे. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा सुहास आणि सून प्रणिता दोघंही पुण्यात, संगणकाच्या नोकरीत. म्हणजे काकू एकट्या. पण एकट्या रेशनकार्डावर. दुपारची जेवणं आटोपली की त्यांच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसायची.

कारण वाती. काकूंचं देवघर स्वयंपाकघरातच, पूर्वेच्या भिंतीला. त्याच्यासमोर चटई टाकायची, सरकी काढलेला कापूस मध्ये ठेवायचा, दुधाची वाटी शेजारी, आणि बोट बुडवून फुलवाती वळत बसायचं. कुणाच्या घरी सप्ताह, कुणाचा लक्षवातींचा नेम, कुणाला शिर्डीच्या दुकानात द्यायच्या. पण खरं सांगायचं तर वाती निमित्ताला. जिच्या मनात काही साचलंय ती कापसाची पिशवी घेऊन निघते, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक. नवऱ्यांना सोडून. नवऱ्यांचा आजही समज असा की बेलापुरात भक्ती फार वाढली आहे.

काकूंची ऐकण्याची एक तऱ्हा होती. मान वर करायच्या नाहीत. "अगंबाई" नाही, "बघ हो" नाही, उपदेश तर नाहीच. फक्त वात वळत राहायच्या. तुमचं बोलणं संपलं की ती वात बाजूला ठेवून दुसरी घ्यायच्या. झालं. तेवढ्यानं माणूस हलकं होऊन घरी जायचं. आणि तिथं ठेवलेलं पुन्हा कधी कुठं दिसायचं नाही. कुणाची कागाळी नाही, सूचक हसणं नाही, सणावाराला टोमणा नाही. मी स्वतः त्यांच्याकडं काय काय ठेवलंय ते इथं लिहिणार नाही. नृसिंहराव होते तेव्हा कधी विचारायचे म्हणे, "ती मघाशी रडत काय सांगत होती?" काकू म्हणायच्या, "कापसात सरकी फार निघते म्हणत होती." संसार संपला, पण त्या माणसाला बायकोच्या तोंडून तिसऱ्या बाईची एक गोष्ट कळली नाही. बिचारे संस्कृतच शिकवत राहिले.

मग काकू न्हाणीघरात घसरल्या. पाय मुरगळला, आठवडाभर लेप लावला, बरा झाला. पण सुहासचा मुरगळा काही बरा होईना. तो पुण्याहून खोकी घेऊन आला. एक कॅमेरा बाहेरच्या ओट्यावर, एक बैठकीत, एक स्वयंपाकघरात. स्वयंपाकघरातला बरोबर देवघरासमोर, म्हणजे त्याला आणि प्रणिताला ऑफिसात बसून रोज देवाचं दर्शन व्हावं. केवढी सोय. पूर्वी लोक देवाला जायचे, आता देवावर पाळत ठेवतात. देवघराशेजारी बोलणारा डबा, आरती लावायला. आणि काकूंच्या हाताला घड्याळ, जे नाडी मोजतं, पावलं मोजतं, आणि माणूस पडलं तर पुण्याला कळवतं.

हे सगळं सुरू करताना त्या यंत्रांनी सतरा प्रश्न विचारले म्हणे. तुमचं बोलणं साठवू का, तुमचा चेहरा ओळखू का, कुणाला पाठवू का. सुहासनं ओट्यावर बसून, चहा पीत, सगळ्यांना "हो, हो" करून टाकलं. मी समोर होते. म्हटलं, "अरे सुहास, विचारलंय काकूंना, आणि हो तू म्हणतोयस?"

"अहो, ते सगळेच हो करतात. वाचतं कोण?"

"काय लिहिलंय पण?"

"तेच. काळजी घेतो म्हणून."

लग्नात अंतरपाटाआड मुलीला निदान "मान्य आहे का" असं कुणी विचारायची पद्धत आहे की नाही माहीत नाही, पण मुलीच्या वतीनं मामा "हो" म्हणाला असं मी तरी ऐकलेलं नाही.

पहिले काही दिवस मजेत गेले. घड्याळ काकूंना जप करताना "उठा, थोडं चाला" म्हणायचं. काकू माळ ओढत, तर ते मनगट हललं की पावलं धरायचं. एकादशीला काकूंचा जप जास्त, त्यामुळं त्या दिवशी काकू बसल्या जागी श्रीरामपूरला जाऊन आल्या. प्रणिताचा कौतुकानं फोन आला. बोलणारा डबा पोथीच्या मध्येच "मला हे समजलं नाही" म्हणायचा. काकू म्हणायच्या, "मलाही नाही समजलं बाबा, पण मी गप्प बसते."

मग फोन यायला लागले. "आई, आज दोनदा चहा झाला ना?" "आई, दुपारी दार बराच वेळ उघडं होतं." "आई, ती हिरव्या साडीतली बाई कोण? परवा पण होती." हिरव्या साडीतली बाई म्हणजे बनुबाई. पलीकडच्या गल्लीत राहते, कोंबड्या पाळते, आणि तिला जे वाटतं ते ती कोंबड्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते. तिनं चटईवर बसता बसता कॅमेऱ्याकडं बोट केलं.

"काकू, ह्यो तुमचा ल्योक हाय का आत?"

"आत नाही गं. पण बघतो म्हणे."

"मंग आमी कसं बोलायचं? माझं त्याला काय कळायचंय, पर मला लाज वाटती ना!"

त्या दिवशी बनुबाईनं फक्त कोंबड्यांविषयी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आली ती पदर नीट करून, कुंकू लावून, एखाद्या कार्यक्रमाला आल्यासारखी. तिसऱ्या दिवशी आलीच नाही. एकेक करत बायका कमी झाल्या. कॉलनीतल्या भक्तीला अशी अचानक ओहोटी लागलेली पाहून नवरे चिंतेत पडले असतील.

काकूंनी सुहासला फोनवर सांगितलं, "स्वयंपाकघरातला तेवढा काढ."

"आई, तुला लपवायचंय काय?"

हे वाक्य हल्ली सगळे वापरतात. जणू दाराला कडी लावणारा प्रत्येक जण आत दरोड्याचा माल मोजतोय. काकू शांतपणे म्हणाल्या, "माझं काही नाही रे. माझ्याकडं लोकांचं आहे."

सुहासला ते कळलं नाही. तो म्हणाला, "कोण बघतंय आई? मला तरी वेळ आहे का? मशीन बघतं."

म्हणजे माणूस बघत नाही म्हणून काळजी नको. आमच्या लहानपणी माणूस बघत नसेल तर देव बघतो म्हणून भीती घालायचे. आता तिथं यंत्र बसलंय, आणि भ्यायचं मात्र नाही.

काकू भांडणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी आपल्या परीनं वाट काढली, आणि ती अशी की सुहासला नाही म्हणता येईना. देवळात नैवेद्य दाखवताना देवापुढं पडदा ओढतात. देव जेवतोय, बघू नये, नजर लागते. नृसिंहराव हा नियम कडक पाळायचे आणि सुहास त्याच पडद्याबाहेर प्रसादाची वाट बघत लहानाचा मोठा झालेला. काकूंनी पिवळ्या पितांबराचं एक जुनं कापड काढलं, दोन खिळ्यांना दोरी बांधली, आणि दुपारी ताट वाढलं, पाण्यानं चौकोन काढला, तुळशीचं पान ठेवलं, की कॅमेऱ्यासमोर पडदा ओढायला सुरुवात केली.

सुहासचा फोन आला. "आई, काही दिसत नाहीये."

"देव जेवतायत."

त्यानं फोन ठेवला. त्याच्या वडिलांचा नियम. चार दिवसांनी त्यानं जरा बिचकतच विचारलं, "आई, पण देवाला इतका वेळ लागतो? बाबांचा नैवेद्य पाच मिनिटांत व्हायचा."

"तुमच्या ऑफिसात जेवायची सुट्टी किती असते?"

"एक तास."

"मग देवानं काय उभ्या उभ्या खायचं?"

असा आमच्या बेलापूरचा देव रोज दुपारी निवांत जेवू लागला. कधीकधी संध्याकाळच्या दिव्यापर्यंत. आणि पडद्याआड, चटईवर, कापूस पुन्हा सुटू लागला. बनुबाई मोकळी झाली. मलाही बरं वाटलं. एवढ्या हुशार यंत्राला आम्ही पितांबराच्या तुकड्यानं हरवलं, म्हणून आम्ही सगळ्या मनातल्या मनात फुगलो होतो.

फक्त एक राहिलं. नियम नजरेचा होता, म्हणून आम्ही नजर झाकली. त्या कॅमेऱ्याला कानही असतो हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. देवाला जेवताना कुणी ऐकू नये असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही, मग आम्हाला कसं सुचावं?

आता आरती. ही समोरच्या घरातली सून, माहेर पाथर्डीकडचं. नवरा कल्याण टेम्पो चालवतो, सासू साळूबाई. दोन मुली. साळूबाईला नातू हवा. तिनं शिर्डीचे गुरुवार धरले होते. दर गुरुवारी एसटीनं जायचं, यायचं, आणि येताना सगळ्या कॉलनीला उदी देत सांगायचं, "बाबा देनार बघा औंदा!" आरती उदी कपाळाला लावायची आणि खाली बघायची. तिला तिसरं मूल नको होतं. तिनं तसं दोनदा कल्याणला सांगून पाहिलं होतं. त्यानं दोन्ही वेळा "आईला बोल" म्हणून टेम्पो चालू केला होता.

श्रावणातला शुक्रवार होता. मी कणीक तिंबत होते. फोन वाजला, कॉलनीच्या ग्रुपवर काहीतरी आलं. तो ग्रुप सुहासनंच काढलेला, अजून तोच चालवतो. हात पिठात, म्हणून मी बोटाच्या पेरानं दाबलं आणि फोन फळीवर उभा ठेवून कणीक तिंबत राहिले. बघत नव्हते, म्हणून ऐकलं.

आधी घंटा. मग काकूंचं "प्राणाय स्वाहा". मग थोडी शांतता, आणि मग अगदी हळू, पण नीट कळेल असा आरतीचा आवाज. "काकू, कुणाला सांगू नका. मी सरकारी दवाखान्यात जाऊन तांबी बसवून आले. आता मूल नाही राहणार. घरात कुणालाच माहीत नाही. तिकडं सासूबाईंचे गुरुवार चाललेत, आणि मी इथं..."

तिथं ते तुटलं.

मी वळून पाहिलं. फोनवर आपला पिवळा पडदा, मागं समईचा उजेड, फार सुरेख. सुहासनं खाली लिहिलं होतं, "आमच्या आईचे देव जेवतात." त्या यंत्राला म्हणे सवय असते, दिवसातले छान छान तुकडे निवडून ते आपणहून मालकाला भेट देतं. सुहासनं पडद्याची शोभा पाहिली, आवाज बंद ठेवून, मीटिंगमध्ये बसून, आणि कौतुकानं कॉलनीभर वाटून टाकली.

आणि खाली हात जोडलेले. एकापाठोपाठ एक. हात, फुलं, दिवे, "किती सुंदर", "धन्य ती माउली". पोस्टमास्तरांचे हात. हेडमास्तरांचे हात. आणि मधोमध कल्याणचेही हात, शेजारी एक कमळ.

मी कणकेचा गोळा परातीत टाकला. पण एक गोष्ट लक्षात आली आणि मी देवाचे आभार मानले. आमच्या कॉलनीत देवाचा व्हिडिओ कुणी ऐकत नाही. बघतही नाही. अंगठा लावतात आणि पुढं जातात. आयुष्यात पहिल्यांदा मला लोकांच्या वरवरच्या भक्तीचा आधार वाटला. पण एकानं जरी दुपारी आडवं पडून आवाज वाढवला असता तरी संपलं होतं.

मी तशीच पिठाच्या हातानं काकूंकडं गेले. फोन त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी पूर्ण ऐकलं. चेहरा पांढरा पडला. मी त्यांना यजमान गेले तेव्हाही असं पाहिलं नव्हतं.

"हे माझ्या घरातून गेलं," त्या म्हणाल्या.

"काकू, सुहासला लावा. त्याला काढता येतं."

सुहासचा फोन बंद. प्रणिताचा बंद. पुन्हा लावला, बंद. मीटिंग. आईला चोवीस तास बघता यावं म्हणून घर खोदून तारा घातल्या, आणि आईला दोन शब्द बोलायचे तर रांग.

काकू क्षणभर हाताकडं बघत उभ्या राहिल्या. मग घड्याळाचा हात वर केला आणि अशा बदकन खाली बसल्या की फडताळातली भांडी वाजली. घड्याळ थरथरलं, विचारू लागलं, पडलात का? काकूंनी उत्तर दिलं नाही. पदर सावरून, मांडी घालून, शांत बसून राहिल्या.

"काकू, लागलं का?"

"थोडं. म्हणजे खोटं नको. पडलेच की."

मिनिटाच्या आत फोन वाजला. सुहास धापा टाकत होता. "आई! आई, काय झालं? कुठं लागलं? मी निघतो!"

"मी बरी आहे. तू ग्रुपवर घातलंयस ते आधी काढ."

"काय? आई, तू पडलीस ना?"

"काढ म्हणते ना. सगळ्यांच्या फोनमधून काढ."

"अगं पण लोकांना किती आवडलंय! का काढू?"

"ते विचारायचं नाही."

"आई, काहीतरी कारण..."

"सुहास," काकूंचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता, "तुझ्या वडलांनी पडद्यामागं कधी डोकावलं नाही. तू काढतोस की मी पुन्हा पडू?"

माझ्या फोनवर पडदा नाहीसा झाला. हात मात्र तसेच राहिले, कशाला जोडलेत ते कुणालाच आठवत नसलेले.

मला वाटलं, सुटलो. माझा सल्ला असा की आता गप्प बसावं. कुणी ऐकलं नसेल, आरतीलाही कळायचं कारण नाही. काकू म्हणाल्या, "तिचं होतं. हरवलं असेल तर तिला कळायला नको?" आणि लंगडत समोर गेल्या. साळूबाई देवळात गेली होती, कल्याण गाडीवर. काकूंनी उंबऱ्यातच सांगितलं. सबब नाही, सुहासचं नाव नाही, यंत्राचं नाव नाही. "तुझं माझ्याकडून बाहेर गेलं, आरती. काढून टाकलंय. पण कुणी ऐकलं असेल तर मला माहीत नाही."

आरती म्हणाली, "तुमच्याकडं म्हणून बोलले होते, काकू," आणि आत गेली. काकू परत आल्या त्या दिवशी चटई घातली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

सुहास रविवारी आला. आईनं कारण सांगितलं नाही म्हणून त्यानं अर्थातच स्वतः तो तुकडा पुन्हा उघडून, आवाज लावून ऐकला होता. चेहरा उतरलेला. आल्या आल्या स्टूल घेतलं, स्वयंपाकघरातला कॅमेरा काढला, बोलणारा डबाही काढून पिशवीत टाकला. मग चटईच्या जागी खालीच बसला.

"आई, मी ऐकतोय हे मलाच माहीत नव्हतं गं."

काकू भाकरी थापत होत्या. "आता माहीत झालं. आता ते तुझ्याही पोटात आहे. प्रणिताला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस."

"नाही सांगत. पण आई, दोन रात्री झोप नाही मला. समोर कल्याण दिसला, हात केला त्यानं, माझ्याच्यानं बघवेना त्याच्याकडं. एवढंसं ते. तू इतक्या बायकांचं घेऊन कशी राहतेस?"

काकूंनी भाकरी तव्यावर टाकली. "जेवून घे," म्हणाल्या.

इंजिनिअर माणूस, कंपनीत कोट्यवधी लोकांची माहिती सांभाळतो म्हणे. एका बाईची एक गोष्ट दोन दिवस सांभाळताना डोळ्यांखाली काळं आलं होतं.

इकडं आरतीची दशा वेगळीच. कल्याणचा फोन वाजला की हिच्या हातातलं भांडं सुटायचं. तो नुसता हसला तरी हिला वाटायचं, कळलं. असं किती दिवस काढणार? शेवटी तिनं ठरवलं, दुसऱ्या कुणाच्या फोनमधून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे. कल्याण टेम्पो धूत होता, तिथं जाऊन सांगितलं. तो पाण्याची नळी हातात धरून उभाच राहिला. पाणी गटारात गेलं. म्हणाला, "तू मला इचारलं न्हाई?" ती म्हणाली, "दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तुम्ही गाडी चालू केली." दोन दिवस तो ढाब्यावर जेवला. तिसऱ्या दिवशी घरी जेवला आणि ताटावरून उठताना म्हणाला, "पर आईला मी न्हाई सांगनार हां." मर्दपणा तेवढा जपला.

म्हणून सासूलाही आरतीनंच सांगितलं.

साळूबाई सुनेला काय बोलली ते त्यांच्या घरातलं. पण दुपारी ती तरातरा काकूंच्या दारात आली ते मी पाहिलं, आणि ऐकलंही, कारण तिचा आवाज ऐकायला यंत्र लागत नाही.

"काकू, तुमी पोथी वाचनाऱ्या बाई! तुमाला म्हाईत हुतं आन् तुमी गप? मी दर गुरवारी बाबांच्या पाया पडतीय, तुमच्या हातात उदी देतीय, आन् तुमी ती कपाळाला लावतायसा! हसत असाल मनात!"

"हसले नाही, साळूबाई."

"मंग मला का न्हाई सांगितलं? शेजारधर्म हाय का न्हाई काई? लई पोटात ठिवायची हौस हाय व्हय तुमाला?"

काकू दारातच उभ्या होत्या. हळू म्हणाल्या, "तुमचंही मी कुणाला सांगितलं नाही, साळूबाई."

साळूबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं, मला काही माहीत आहे का ते शोधत. मला माहीत नव्हतं. आजही नाही. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, पायरीवर टेकली, आणि म्हणाली, "लई ऊन हाय. पानी द्या."

काकूंनी पाणी दिलं. सोबत गूळ दिला. साळूबाई बसून राहिली, ऊन उतरेपर्यंत. जाताना म्हणाली, "गुरवार मी मोडनार न्हाई. पोरींसाठी करीन." आणि असं म्हणाली जणू हे बाबांना तिनं बजावलं आहे.

आता काकूंच्या स्वयंपाकघरात कॅमेरा नाही, बैठकीतही नाही. ओट्यावरचा एक ठेवलाय, तो गल्लीतली कुत्री बघत असतो. घड्याळ अजून हाताला आहे, कारण पडणं काही यंत्रांनी आणलेलं नाही. सुहास रोज संध्याकाळी फोन करून विचारतो, "आई, कशी आहेस?" आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबतो. चटई पुन्हा पडते. पहिले काही आठवडे बायका बसण्याआधी भिंती तपासायच्या. बनुबाई अजून तपासते, समईच्या खालीसुद्धा.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा मी आरतीकडं गेले. म्हटलं, तुझं आहे, तुझ्या घरात आता सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहू का? ती धुणं वाळत घालत होती. म्हणाली, "लिहा. पण आधी मला वाचून दाखवा. सगळं. मध्ये गाळायचं नाही."

मी ओट्यावर बसून पहिल्यापासून वाचलं. तिनं कपडे तसेच बादलीत ठेवून ऐकलं. दोन ठिकाणी हसली, एका ठिकाणी "मी असं बोलले नव्हते" म्हणून शब्द बदलायला लावला. आणि एक गोष्ट संपूर्ण काढून टाका म्हणाली. कारण सांगितलं नाही.

मीही विचारलं नाही. काढली.